पहिल्या खुडणीचा रविवार

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मित्सुएच्या फोनवर वीज कंपनीचा निरोप आला. उद्या सकाळी आठ ते दुपारी चार तुमची सौर वीज बंद राहील. त्या एप्रिलमधला हा अकरावा निरोप होता. तिनं फोन ओट्यावर पालथा घातला आणि मुळा किसायला घेतला, तो इतक्या जोरात की नखाचा कोपराही किसणीवर गेला.

"काय झालं?" तिचा नवरा नोरिआकी मेजाशी बसून उद्याचे बूट पुसत होता.

"उद्या ऊन पडणार हाय."

"मग बरंच झालं की."

"म्हणून बंद."

नोरिआकीनं दुसरा बूट उचलला. गेली एकोणीस वर्षं तो टेकडीपलीकडच्या अणुवीज केंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली पंप आणि झडपांचं काम करत होता, आणि हे बोलणं त्यांच्यात इतक्यांदा झालं होतं की आता दोघांनाही ते तोंडपाठ होतं. भट्टी म्हणजे काय नळ न्हाई, फिरवला की थांबला, असं तो म्हणायचा. ती एकदा पेटली की वर्षभर एकाच चालीनं चालती. वसंतात कुणाला पंखा नको, शेगडी नको, वीज उरती, मग कुणाला तरी गप बसवावं लागतं. यावर मित्सुए म्हणायची, म्हणजे जो ऐकतो त्यालाच दटावायचं. मग नोरिआकी शेवटचं हत्यार काढायचा. पहाटे दहिवर गोठायला लागलं की चहावरचे मोठे पंखे कुणाच्या विजेवर फिरतात? तेव्हा तुझे आरसे झोपलेले असतात ना? इथं मित्सुएला गप्प बसावं लागे, कारण ते खरं होतं, आणि खरं असल्याचाच तिला जास्त राग यायचा.

आरसे म्हणजे सौर पाट्या. सहा वर्षांपूर्वी त्या चहाच्या ओळींवर, दोन पुरुष उंचीच्या खांबांवर उभ्या राहिल्या. पहिल्या खुडणीआधी कोवळ्या चहाला सावली लागते, तर पान गडद आणि गोड होतं. त्यासाठी पूर्वी सगळ्या मळ्यावर काळं कापड ओढावं लागे. सासरे तोकियोशी ऐंशीचे झाले, सासू गेली, आणि कापड ओढायला माणसं उरली नाहीत. शहरातून आलेला एक गोड बोलणारा मुलगा म्हणाला, सावली फुकट, वरून वीज विकायला. सावली खरोखर मिळाली. विजेचं मात्र असं होतं की लख्ख ऊन पडलं की ती बंद.

"उद्याच खुडायचं," आतल्या खोलीतून तोकियोशींचा आवाज आला. "सोमवारी पान जून व्हईल. मी सकाळीच बोटानं मोडून बघितलंय."

"बाबा, उद्या सराव हाय," मित्सुए म्हणाली.

"सराव पानाला ठाऊक हाय व्हय?"

हा सराव खरं तर फेब्रुवारीत व्हायचा होता. केंद्रात अपघात झाला तर भोवतालच्या वस्त्यांनी कसं पळायचं, याचा सराव. त्या दिवशी पाऊस आला म्हणून तो पुढे ढकलला गेला. शेजारच्या फुसासान तेव्हा म्हणाल्या होत्या की अपघातसुद्धा हवामानाचा अंदाज ऐकूनच यायचा दिसतो. नवी तारीख पडली ती एप्रिलचा शेवटचा रविवार. परफेक्चरच्या, म्हणजे प्रांताच्या, कचेरीत बसून ज्यानं ती ठरवली, त्यानं चहा फक्त दुकानातल्या थंड बाटलीत पाहिला असणार असं मित्सुएचं मत झालं. तिनं दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तिला नम्रपणे सांगण्यात आलं की बसगाड्या ठरल्या आहेत. आणि यंदा तोबिनोसे वस्तीची गटप्रमुख तीच होती. प्रमुखपण घराघरांत पाळीनं फिरतं, अकरा घरांत अकरा वर्षांनी एकदा येतं, आणि आलं ते याच वर्षी.

"पहाटे खुडू," नोरिआकी म्हणाला. "मला साडेसातला निघायचंय. पान पेटीत घालू, तू सरावाहून आलीस की वाफेवर घे."

"तुमची रविवारी कसली हो ड्युटी?"

"सराव आमच्यातबी हाय. तुम्ही भाईर पळायचं, आम्ही आत थांबायचं."

मित्सुएनं किसलेला मुळा पिळला. एवढं जोरात पिळायची गरज नव्हती.

पहाटे पाचला ते मळ्यात होते. खुडणीचं यंत्र दोघांनी दोन बाजूंनी धरून, चहाची ओळ मधे घेऊन चालायचं असतं. पातं फिरतं, वारा पान उडवतो, ते मागच्या लांब पिशवीत जाऊन पडतं. पावलं जुळली नाहीत तर यंत्र तिरकं होतं आणि कोवळ्याबरोबर जुनं पानही येतं. चौतीस वर्षं ते असे चालत होते, त्यामुळे पावलांबद्दल बोलावं लागत नसे. मागून पिशवी धरायला एक माणूस लागतो. ते काम तोकियोशी करायचे, गुडघ्यांना पट्टे बांधून, दर ओळीच्या टोकाला यंत्रांना एक शिवी देऊन.

साडेसातपर्यंत नऊ ओळी झाल्या. पान शेडमधल्या लाकडी पेटीत ओतलं, छातीइतक्या उंचीचा ढीग झाला. खुडलेलं पान जिवंत असतं, श्वास घेतं आणि ढिगात स्वतःच्याच उबेनं तापतं. तापलं की लाल पडतं, मग त्याचा हिरवा चहा होत नाही. म्हणून पेटीच्या तळाला जाळी असते आणि जाळीखाली पंखा, जो दिवसभर थंड ओला वारा फुंकत राहतो. नोरिआकीनं पंखा सुरू केला, ढिगात हात घालून पाहिलं, आणि मोहरीच्या पाल्याचं लोणचं भरलेले दोन भाताचे गोळे खिशात टाकून तो निघाला.

"बाबांना नीट बसव गाडीत," जाताना तो म्हणाला. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी शिडी असलेली वेगळी गाडी यायची होती.

आठला शेडच्या भिंतीवरच्या, पाट्यांच्या डबीतला हिरवा दिवा लाल झाला. डोंगरावरून ऊन सरळ पाट्यांवर पडत होतं आणि पाट्या बंद होत्या. मित्सुएनं त्या डबीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तिची नजर गेलीच.

साडेआठला भोंगा वाजला. खांबावरच्या कर्ण्यातून बाईचा आवाज आला की हा सराव आहे, हा सराव आहे, घाबरू नका. परफेक्चरचा तरुण अधिकारी माकिसे फळीला कागद लावून दारात उभाच होता. त्याच्या अंगातलं पिवळं जाकीट अजून घडीच्या रेषांसकट होतं.

"प्रमुखबाई, यादीप्रमाणे जाऊ," तो म्हणाला. "पहिलं, गॅस बंद. दुसरं, विजेचा मेन स्विच खाली. तिसरं, दार लावून दाराला पांढरा टॉवेल, म्हणजे घर रिकामं आहे हे कळेल. अकराही घरांचं तुम्ही बघायचं. मी वेळ लावलीय."

मित्सुए धावत सुटली. सकाळच्या खुडणीनं खताच्या पोत्यासारखे जड झालेले पाय घेऊन ती दारोदार फिरली. हिगाशीबारूंचा मेन स्विच सापडेना. मग कळलं की त्यांनी त्यावर कॅलेंडर टांगलंय. फुसासान टॉवेल बांधायला तयार नव्हत्या, का तर तो चांगला होता.

"चोराला आवतण हाय हे," फुसासान म्हणाल्या. "घर रिकामं हाय म्हणून सांगायचं, तेबी पांढऱ्या टॉवेलानं."

"आजी, सराव हाय. टॉवेल संध्याकाळी परत."

"आणि खरं झालं तर?"

"तर टॉवेलाचं कोण बघतंय."

शेवटी ती स्वतःच्या घरी आली. तोकियोशी बाहेरच्या ओट्यावर बसून विळा पुसत होते.

"बाबा, तुमची गाडी नऊला येईल. उठून बसा."

"मी न्हाई येत."

"येणार हायसा. नाव दिलंय मी."

"नाव गेलं तर जाऊ दे."

तिला भांडायला वेळ नव्हता. माकिसे मागून घड्याळ बघत होता, तेवीस मिनिटं झाली होती. तिनं गॅस फिरवला, स्टुलावर चढली, दारावरच्या पेटीतला मेन स्विच खटकन खाली ओढला, टॉवेल बांधला. माकिसेनं यादीवर खूण केली. अकरापैकी अकरा.

बस समुद्राच्या बाजूनं न जाता डोंगरातून गेली. सगळ्यांना एकेक गोळी वाटली. खऱ्या वेळी ती आयोडीनची असणार, आज तिच्या जागी लिंबाची होती. फुसासाननी ती चोखत विचारलं की खरीची चव पण अशीच असते का. चौदा माणसांच्या बसमध्ये साठीच्या खालची मित्सुए एकटी. खिडकीतून मळे मागे सरत होते, आणि एका मळ्यात कुणीतरी आपली पेटी गाडीवर चढवत होतं. पेटीखालच्या पंख्याची मोकळी वायर लोंबत होती.

मित्सुएचा हात आपोआप तोंडावर गेला.

"काय गं?" फुसासान म्हणाल्या.

"मेन स्विच," ती म्हणाली. "शेडचा पंखा त्याच्यावरच हाय."

फुसासाननी लिंबाची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. त्या स्वतः चाळीस वर्षं चहा करत होत्या, त्यांना पुढचं सांगायला नको होतं. "फोन लाव," त्या म्हणाल्या.

मित्सुएनं घरचा फोन लावला. तो वाजलाही नाही. तो विजेवरच चालायचा. तोकियोशींकडे दुसरा फोन नव्हता. कारण त्यांच्या मते खिशात फोन ठेवणारा माणूस म्हणजे दावणीचं जनावर. नोरिआकीचा फोन केंद्राच्या फाटकात जमा असायचा. ती उठून माकिसेपर्यंत गेली आणि म्हणाली, मला उतरवा, मी टॅक्सीनं मागं जाते. माकिसेला खरंच वाईट वाटलं. तो म्हणाला की पळालेला माणूस मागं फिरला तर सगळा सरावच बाद होईल, आणि या रस्त्यावर टॅक्सी मिळत नाही. दुसरी गोष्ट तिला माहीत होती, म्हणून पहिलीवर भांडून उपयोग नव्हता. ती परत जागेवर बसली. गेल्या पावसाळ्यापासून वाढवलेलं पान, छाटलेलं, खत घातलेलं, तीन थंड पहाटांना पंखे फिरवून वाचवलेलं, आणि तिनं स्वतःच्या हातानं त्याचा श्वास बंद केला होता. यादीतला दुसरा मुद्दा होता म्हणून. वर्षभरात चांगला भाव मिळणारा चहा एवढाच, पहिल्या खुडणीचा. त्यानंतरच्या पानाला बाटलीवाल्यांशिवाय कुणी विचारत नाही.

दीड तासानं बस दुसऱ्या गावच्या व्यायामशाळेत पोचली. लाकडी जमिनीवर निळ्या चटया घातल्या होत्या. एका माणसानं सगळ्यांच्या अंगावरून एक यंत्र फिरवलं आणि कुणाच्याही अंगावर काही नाही असं सांगितलं. मग कडक बिस्किटं आणि थंड चहाच्या बाटल्या वाटल्या गेल्या. बाटलीवर दुसऱ्याच परफेक्चरच्या मळ्याचं चित्र होतं. चौदाही जणांनी बाटली हातात घेतली, चित्र पाहिलं आणि न उघडता खाली ठेवली.

शिडीची गाडीही आली. तिच्यातून तिघं उतरले. तोकियोशी त्यात नव्हते.

"तुमच्या घरी हाक मारली," ड्रायव्हर म्हणाला. "दोनदा मारली. टॉवेल बांधलेला होता, म्हणून घर रिकामं समजलो."

टॉवेल मित्सुएनंच बांधला होता. बाबा कुठं असतील? गुडघा धरून कुठंतरी पडले असतील का? ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिथं एक मोठा तक्ता लावला होता. वेगवेगळी वीज कितीला पडते ते दाखवणारे रंगीत खांब होते, ऊन, वारा, पाणी, अणू. अणूचा खांब सगळ्यांत बुटका होता, आणि त्याच्या शेजारी एक हसरा थेंब काढला होता.

माकिसे जवळ आला. "प्रमुखबाई, हजेरीचा कागद. घरटी माणसं किती, आली किती."

"माकिसेसान, या खांबात आजची बस धरलीय का?"

"बस? नाही, ती परफेक्चरच्या खर्चात."

"गोळ्या?"

"त्या केंद्र सरकारच्या."

"ही चटई, तो भोंगा, तुमचं जाकीट?"

"ते सगळं वेगवेगळ्या खात्यांचं आहे."

"मग माझ्या पाट्या आठ वाजता बंद केल्या, ते कुणाच्या खात्यात?"

माकिसेनं तक्त्याकडे पाहिलं, जणू तो आज पहिल्यांदा दिसला. "ते पाट्यांच्याच खांबात जातं बहुतेक," तो म्हणाला. "बंद राहिल्या की त्यांची वीज महाग पडते ना."

मित्सुएला हसू आलं, ते चांगलं हसू नव्हतं. त्या मुलाशी भांडण्यात अर्थ नव्हता, त्यानं तक्ता रंगवला नव्हता. "बघा म्हणजे," ती म्हणाली, "ज्याला घरात कोंडलं, त्यालाच आळशी म्हणायचं." कागद तिनं घेतला, पण भरला नाही.

दीड वाजता बस तोबिनोसेत परत आली. मित्सुए उतरली ती धावतच शेडकडे गेली. दार उघडं होतं.

तोकियोशी पेटीत उभे होते. अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, पट्टे सोडलेले. दोन्ही हातांनी ते खालचं पान उचलून वर घालत होते. उचलून झुलवायचे, सोडायचे, पुन्हा वाकायचे. जमिनीवर सगळ्या चटया, गादीच्या चादरी, अगदी सासूचे किमोनो गुंडाळायची जुनी कापडंसुद्धा पसरली होती, आणि त्यांच्यावर पान बोटभर जाडीनं मांडलं होतं. शेडमध्ये उकडलेल्या गवतासारखा वास होता, आणि त्याखाली एक गोडसर, नको असलेला वास.

"पंखा बंद पडला," ते म्हणाले, वर न बघता. "मेनला हात पोचत न्हाई. स्टुलावर चढाया गेलो तर गुडघा म्हनाला, गप."

"गाडीवाल्यानं हाक मारली होती, बाबा."

"ऐकली की. हात रिकामा नव्हता."

मित्सुएनं घरात जाऊन मेन स्विच वर केला. पंखा घुरघुरला. मग तिनं सासऱ्यांना काखेत धरून पेटीबाहेर काढलं. त्यांचे हात कोपरापर्यंत हिरवे-काळे झाले होते. तिनं त्यांना पोत्यावर बसवलं, पण ते बसेनात, कडेचं पान उलटायला वाकायला लागले. तेव्हा ती त्यांच्यावर ओरडली, आणि ओरडता ओरडता तिला रडू आलं. तोकियोशी म्हणाले की रड नंतर, वाफ आधी.

खालचं पान लाल पडलं होतं. निम्म्याहून थोडं कमी. उरलेलं तिनं वाफेवर घेतलं. बॉयलर, मग पान वळायची तीन यंत्रं, मग वाळवणी. सगळी यंत्रं तारेवरच्या विकत घेतलेल्या विजेवर, डोक्यावर ऊन आणि पाट्या असताना. जोडणीच अशी होती की पाट्यांची वीज सरळ कंपनीला जाई, घरात येत नसे. कधीतरी हे बदलायचं असं सहा वर्षं ठरत होतं. लाल झालेलं पान तिनं टोपल्यात भरून दाराबाहेर ठेवलं, तीन टोपली झाली. फुसासान येऊन न विचारता वाळवणीपाशी उभ्या राहिल्या आणि हातानं पान चाचपू लागल्या. चारला डबीतला दिवा हिरवा झाला. तोवर ऊन टेकडीपलीकडे, केंद्राच्या बाजूला उतरलं होतं.

पाचच्या सुमाराला माकिसे आला. हजेरीचा एकच कागद राहिला होता, तोबिनोसेचा. त्यानं दारातली तीन टोपली पाहिली, पोत्यावर झोपलेल्या तोकियोशींचे हात पाहिले, आणि जाकिटाची चेन उगाच वरखाली केली. मित्सुएनं त्याच्यापुढे आजचा चहा ठेवला. त्यानं दोन घोट घेऊन पेला खाली ठेवला.

"बाकी सगळ्या वस्त्या शंभर टक्के आहेत," तो म्हणाला. "तुमच्या घरची माणसं तीन. तीनपैकी तीन लिहिलं तरी चालेल. शेवटी सराव आहे."

"नवरा केंद्रात होता."

"ते कामावर, म्हणजे ते मोजणीत धरत नाहीत."

"आणि हे?"

"यांना 'आधी कळवून गैरहजर' म्हणता येईल."

"कुणाला कळवलं?" पोत्यावरून आवाज आला. तोकियोशी डोळे मिटूनच बोलले. "लिही, म्हातारा पान उलथत व्हता. खरं झालं तरी तेच करणार, तेबी लिही."

"आजोबा, त्याला रकाना नाही."

फुसासान वाळवणीपाशी फसकन हसल्या. मित्सुएनं कागद गुडघ्यावर घेतला आणि हिरव्या बोटांनी लिहिलं, माणसं तीन, आलेली एक. मग शिक्क्याची डबी आणून त्यावर आपला लाल शिक्का दाबला, जरा जास्तच वेळ. कागदावर पानाचा एक डाग उमटला. माकिसेनं तो पुसायचा प्रयत्न केला नाही. त्यानं कागद फळीला लावला, वाकून नमस्कार केला आणि लाल पानाच्या टोपल्यांना वळसा घालून गेला.

तो गेल्यावर फोन वाजला. उद्या सकाळी आठ ते दुपारी चार तुमची सौर वीज बंद राहील. मित्सुएनं निरोप वाचला आणि फोन चहाच्या पोत्यावर टाकला.

नोरिआकी सातला आला. दारात टोपली दिसल्यावर तो थांबला, एक मूठ पान उचलून नाकाशी नेलं, आणि त्याला काय झालं ते कळलं. आत येऊन त्यानं बाबांच्या हातांकडे पाहिलं. मग बायकोच्या समोर बसला. दिवसभर जाड संरक्षक सूट घालून बसल्यानं त्याच्या मानेवर रबराचा लाल व्रण उठला होता.

"कसा झाला सराव?" त्यानं विचारलं. "सुटलात का सगळे?"

"मी सुटले," मित्सुए म्हणाली. "तुम्ही दोघं राहिलात."

नोरिआकीनं मान खाली घातली. खिशातून भाताचा एक उरलेला गोळा काढून त्यानं मेजावर ठेवला. तो सकाळचा तसाच होता. मित्सुएनं त्याच्यासाठी चहा ओतला, नव्या पानाचा, आणि पेला त्या गोळ्याशेजारी ठेवला.